एक लाख साठ हजारांत पहिली मोठी गाडी: रॉयल एनफिल्डच्या जुन्या हंटर ३५० चा चौदा महिन्यांचा अनुभव

माझ्या पत्नीचे माहेर गोव्यातल्या साखळी गावी आहे आणि आमचे घर बेळगावात अनगोळला. महिन्यातून एकदा तरी जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट ओलांडून आम्हा दोघांना गोव्यात उतरावे लागते. एका बाजूचे अंतर पाऊणशे-ऐंशी किलोमीटर आहे. नऊ वर्षे हा प्रवास मी स्प्लेंडरवर केला आणि त्या गाडीबद्दल माझी एकही तक्रार नाही. पण ९७ सीसीच्या इंजिनावर दोन माणसे आणि एक बॅग घेऊन घाट चढताना दुसऱ्या गिअरवर यावे लागते, मागून येणारा मालट्रक हॉर्न वाजवत राहतो आणि वळणावर त्याला वाट देण्यासाठी गाडी रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरवावी लागते. हे दर महिन्याला घडू लागले, तेव्हा मोठी गाडी घ्यायचे ठरवले. खर्चाची मर्यादा एक लाख साठ हजार रुपये होती. त्यांपैकी साठ हजार पतसंस्थेचे कर्ज होते, म्हणून ही मर्यादा ओलांडण्याचा प्रश्नच नव्हता.

आपल्याकडे गिअरच्या दुचाकीचा परवाना एकच असतो. स्प्लेंडर चालवणाऱ्याला त्याच परवान्यावर उद्या ६५० सीसीची गाडीही चालवता येते. त्यामुळे आपल्याला किती मोठी गाडी झेपेल, हे ठरवणारी परीक्षा बाहेर कुठेच होत नाही, ती आपली आपणच घ्यावी लागते. मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. वस्तू हातात घेऊन मापे तपासल्याशिवाय शेरा मारायचा नाही, ही सवय तिथे लागलेली आहे. तीच सवय इथे उपयोगी पडली.

नव्या गाडीचा विचार मी एका संध्याकाळीच सोडून दिला. हंटर ३५० ऑगस्ट २०२२ मध्ये आली, तेव्हा तिच्या मेट्रो प्रकाराची शोरूम किंमत सुमारे एक लाख चौसष्ट हजार होती. कर्नाटकात एक लाखावरच्या दुचाकीला आजीव रस्ता कर १८ टक्के लागतो. त्यावर विमा आणि नोंदणी धरली की आकडा दोन लाखांच्या आसपास जातो. मी गाडी शोधायला लागलो, तोपर्यंत किंमत आणखी वाढलेली होती. म्हणजे जुनी गाडी घेणे भाग होते, आणि जुन्या गाड्यांत माझ्यासमोर तीन पर्याय उरले: रॉयल एनफिल्डचीच जुन्या ३४६ सीसी इंजिनाची क्लासिक, बजाजची २०१९ ची डोमिनार ४०० आणि हंटर.

क्लासिकबद्दल थोडक्यात लिहितो. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे गाव असल्याने बुलेट खोलून जोडणारे हात इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि सुट्या भागांची अडचण कधी येत नाही. किंमतही आवाक्यात होती. पण १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले आणि माझ्या पैशांत बसणाऱ्या बहुतेक क्लासिक त्याआधीच्या होत्या. पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढे ओल्या उतारावर ज्याने एकदा मागचे चाक घसरताना अनुभवले आहे, तो एबीएसवर तडजोड करणार नाही. मी केली नाही.

डोमिनारने मात्र मला तीन आठवडे झुलवत ठेवले. ती कोल्हापूरची, एमएच ०९ पासिंगची गाडी होती आणि मालक सव्वा लाख मागत होते. चाकण येथे तयार होणारी ही गाडी ३७३ सीसीची आहे. तिला पाण्याने थंड होणारे इंजिन, सहा गिअर, चाळीस पीएस ताकद आणि पुढच्या चाकाचे धक्के पेलणारे ४३ मिलिमीटरचे उलटे फोर्क आहेत. एवढ्या पैशांत एवढे यंत्र दुसरीकडे कुठेच मिळत नव्हते. राष्ट्रीय महामार्गावर निपाणीकडून तवंदी घाट चढताना तिने जो जोर दाखवला, तो मी आजही विसरलेलो नाही. केवळ महामार्गावरून कोल्हापूर-पुणे करणाऱ्या माणसाने माझे पुढचे म्हणणे सोडून द्यावे आणि निर्धास्तपणे डोमिनार घ्यावी, असे मी मनापासून सांगेन.

पण चोर्ल्याचा रस्ता महामार्ग नव्हे. तिथे गाडी तीस-चाळीसच्या वेगात चालते. डोमिनारच्या इंजिनाचा दट्ट्या ८९ मिलिमीटर व्यासाचा आणि त्याची धाव, म्हणजे वर-खाली होण्याचे अंतर, केवळ ६० मिलिमीटर आहे. असे इंजिन वरच्या फेऱ्यांत फुलते आणि खालच्या फेऱ्यांत गिअर उतरवायला लावते. तिचा ३५ न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या आसपास मिळतो. हंटरमध्ये याच्या बरोबर उलट आहे. तिथे व्यास ७२ मिलिमीटर आणि धाव ८५.८ मिलिमीटर आहे. तिचा जोर २७ न्यूटन-मीटरच आहे, पण तो चार हजार फेऱ्यांवरच पूर्ण हाती येतो. कागदावर वीस पीएसची गाडी चाळीस पीएसच्या गाडीपुढे दुबळी दिसते. तरीही, मागे माणूस बसलेला असताना वळणावर वेग कमी करून पुन्हा चढ धरायचा असेल, तर लांब धावेचे इंजिन गिअर न बदलता गाडी ओढून नेते. आमच्या रस्त्याला हाच गुण हवा होता, आणि तो दोन्ही गाड्या त्या रस्त्यावर प्रत्यक्ष चालवल्यानंतरच माझ्या लक्षात आला.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. आपल्या सीमाभागात घरटी एखादी एमएच ०९ गाडी असते, म्हणून पलीकडची गाडी घेणे सोपे आहे असे सगळ्यांना वाटते. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची असेल, तर तिची इथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी कोल्हापूरच्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. कर्ज असेल तर आरसीवरचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा, कर्जाचा बोजा आधी उतरवावा लागतो आणि गाडीच्या वयानुसार कर्नाटकाचा कर भरावा लागतो. तिकडे भरलेला कर परत मागता येतो, पण त्यासाठी निराळा अर्ज आणि निराळी वाट पाहणे आले. सव्वा लाखाची गाडी अशा रीतीने माझ्या मर्यादेच्या अगदी काठावर येऊन उभी राहिली असती.

तिसरी बाब आहे ३५० सीसीची रेषा. तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. दुचाकीच्या तृतीय पक्ष विम्याचे, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्याचे, दर इंजिनाच्या आकारावर ठरतात. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १५० ते ३५० सीसीसाठी वर्षाला १,३६६ रुपये आणि ३५० च्या वर २,८०४ रुपये आहेत. ३४९ सीसीची हंटर या रेषेच्या अलीकडे आहे आणि ३७३ सीसीची डोमिनार पलीकडे. शिवाय सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे २०२२ च्या हंटरचा हा विमा २०२७ पर्यंत भरलेलाच होता, तो फक्त माझ्या नावावर करून घ्यायचा होता. २०१९ च्या डोमिनारचा संपला होता. जुन्या गाडीचे वय ठरवताना ही पाच वर्षे मोजावीत, असा माझा आग्रह आहे.

राहिले वजन. स्प्लेंडर ११२ किलोची आणि हंटर १८१ किलोची, म्हणजे एकोणसत्तर किलोंचा फरक. हंटर आणि डोमिनार यांच्या वजनात मात्र जेमतेम तीन-चार किलोंचे अंतर आहे आणि दोघींच्या बैठकीची उंची ८०० मिलिमीटर आहे. कागदावर सारख्या असलेल्या या दोन गाड्या पायांखाली मुळीच सारख्या नाहीत. माझी उंची पाच फूट सहा इंच आहे. हंटरची सीट पुढे अरुंद असल्याने माझे दोन्ही तळवे जमिनीला टेकतात, तर डोमिनारवर मांड्या फाकून बसावे लागल्याने चवडेच टेकतात. हंटरच्या दोन चाकांमधले अंतर १,३७० मिलिमीटर आहे आणि डोमिनारचे १,४५३. बेळगावातल्या शहापूरच्या बोळांत गाडी वळवताना हे आठ सेंटिमीटर चांगलेच जाणवतात.

चालत्या गाडीचे वजन चाके उचलतात, उभ्या गाडीचे आपल्याला उचलावे लागते. हे मला पहिल्याच आठवड्यात समजले. घरासमोरच्या उतारावर गाडी वळवत असताना पुढचा ब्रेक दाबला गेला, हँडल वळलेलेच होते आणि गाडी डावीकडे कलली. पहिल्या विताभर मी ती धरून ठेवली, त्यापुढे धरता आली नाही. क्लचचा दांडा वाकला आणि माझा गुडघा सोलवटला. तेव्हापासून वळण घेताना, वेग चालण्याइतका कमी असेल तर, मी फक्त मागचा ब्रेक वापरतो. पहिली मोठी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने मोकळ्या मैदानात एक पूर्ण सकाळ केवळ गाडी ढकलणे, वळवणे आणि उभी करणे यांसाठी द्यावी.

आता प्रत्यक्ष खरेदीविषयी. पहिली हंटर मी शहरातल्या जुन्या गाड्यांच्या एका दुकानात पाहिली. मीटरवर नऊ हजार किलोमीटर दिसत होते, रंग चकाकत होता. पण मागचा टायर पूर्ण झिजला होता, पायाखालचे रबर गुळगुळीत झाले होते आणि आरशाखाली पुढच्या ब्रेकच्या दांड्याचा काळा रंग बोटांच्या जागी उडाला होता. नऊ हजारांत हे होत नाही. मी सर्व्हिसचे पुस्तक मागितले तेव्हा ते हरवल्याचे सांगण्यात आले. माझ्याबरोबर आलेले खानापूर रोडवरचे मिस्त्रीमामा बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले, “मीटर नका बघू हो, रबर बघा. मीटर फिरवता येतंय, रबर येत नाही.” पुढे त्या गाडीच्या सर्व्हिसच्या जुन्या नोंदी पाहायला मिळाल्या, तेव्हा वर्षभरापूर्वीच एकवीस हजारांची नोंद झालेली होती. माझे सोळाशे रुपये टोकन गेले आणि ते आजतागायत मिळालेले नाहीत. नोंदी पाहण्याआधी एक रुपयाही देऊ नये.

दुसरी गाडी एका बँक कर्मचाऱ्याची होती. केए २२ पासिंग, ऑक्टोबर २०२२ ची, पहिलाच मालक, चौदा हजार दोनशे किलोमीटर. मी मुद्दाम सकाळी सात वाजता गेलो आणि आधी इंजिनावर हात ठेवला. ते गार होते, म्हणजे माझ्या येण्याआधी गाडी सुरू करून ठेवलेली नव्हती. गार इंजिन पहिल्या दाबाला सुरू झाले, धूर नाही, वरच्या बाजूने खडखड नाही. पुढच्या फोर्कच्या नळीवरून, आतले तेल अडवणाऱ्या ऑइल सीलजवळून बोट फिरवले, ते कोरडे आले. मागच्या स्प्रॉकेटवरची (दातेरी चक्रावरची) चेन मागे ओढून पाहिली, तर ती अर्ध्या दातापर्यंत उचलली जात होती. चेन-स्प्रॉकेट बदलावे लागणार हे तिथेच कळले आणि किमतीतून तेवढे वजा करून घेता आले. कारखान्यातला माझा व्हर्निअर, म्हणजे जाडी अचूक मोजायचे साधन, मी बरोबर नेला होता. ब्रेकच्या तबकडीवर तिची किमान जाडी कोरलेली असते. पुढच्या तबकडीची जाडी तीन ठिकाणी मोजली, ती किमान जाडीच्या बरीच वर होती आणि तिन्ही मापे जुळली. टायरच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. दोन्ही टायर गाडीबरोबरचेच होते. मालक हे सगळे शांतपणे पाहत होते आणि शेवटी म्हणाले, “तुम्ही गाडी नीट ठेवाल, दोन हजार कमी द्या.” व्यवहार एक लाख अठ्ठावीस हजारांवर ठरला.

गाडीची किंमत म्हणजे खर्च नव्हे, याचा हिशेब मी वहीत ठेवला आहे. मागच्या टायरला ४,३०० रुपये लागले, चेन-स्प्रॉकेटला ३,२००, आणि ऑइल, फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड व केबल मिळून २,९००. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे नूतनीकरण आणि विम्यावरचे नाव बदलणे यांत २,४०० गेले, आरटीओच्या कामात २,०००. आयएसआय चिन्हाची दोन चांगली हेल्मेट ६,५०० रुपयांना आणि दोघांचे पावसाळी कपडे व बॅगेचा स्टँड ३,६०० रुपयांना पडले. बेरीज २४,९०० होते. गाडीच्या किमतीच्या जवळजवळ एक पंचमांश रक्कम किमतीव्यतिरिक्त लागली. एकूण १,५२,९०० झाले आणि सात हजार शंभर रुपये हातात राहिले. ज्याच्याकडे एक लाख साठ हजार आहेत त्याने एक लाख तीस हजारांच्या पुढची गाडी पाहायलाही जाऊ नये. पाहिली की मन तिच्यावर बसते आणि मग हेल्मेटचे पैसे कापले जातात.

चौदा महिन्यांत गाडी बारा हजार किलोमीटरच्या आसपास चालली, त्यांत २०२५ चा पूर्ण पावसाळा आला. कणकुंबीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. मलप्रभेचा उगम जिथे आहे तिथला तो पाऊस आहे, चार-चार दिवस थांबत नाही आणि धुक्यात दहा हातांवरचे दिसत नाही. अशा दिवशी चढाला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने एकसारखी चालते. मागे पत्नी, तिच्या पाठीशी बॅग, आणि तरीही पिकअप मागण्यासाठी थ्रॉटल पिळावा लागत नाही. उतरताना थ्रॉटल सोडला की इंजिनच गाडीला अडवून धरते, ब्रेक फक्त वळणाआधी लागतो. एकदा केरीच्या अलीकडे ओल्या पानांवर म्हैस आडवी आली, तेव्हा दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले. एबीएसची थरथर दांड्यात आणि पायात जाणवली आणि गाडी सरळ रेषेत थांबली. मेट्रो प्रकारालाच दोन्ही चाकांचे एबीएस, मागची डिस्क आणि ट्यूबलेस टायर आहेत. रेट्रो प्रकाराला तारेची चाके आणि मागे ड्रम ब्रेक येतो. स्वस्त पडते म्हणून रेट्रो घेणाऱ्याने घाटात ट्यूब पंक्चर झाल्यास सर्वांत जवळचे पंक्चरचे दुकान किती लांब आहे, हे आधी पाहून घ्यावे.

उणिवाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. मागचे शॉकअप कडक आहेत. एकटा असताना जांबोटीच्या खड्ड्यांचा प्रत्येक दणका कमरेत उतरतो; दोघे बसल्यावर तो बराच कमी होतो. कंपनीने २०२५ च्या नव्या गाडीत मागच्या स्प्रिंगा बदलल्या आहेत, म्हणजे ही गोष्ट त्यांच्याही लक्षात आली असावी. गाडीचे पोट जमिनीपासून १५० मिलिमीटरवर आहे आणि खेड्यांतल्या उंच गतिरोधकांवर दोघे बसलेले असताना ते दोनदा घासले. नव्या गाडीत ही उंची १६० केली आहे. मागच्या माणसाची सीट साठ किलोमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे पत्नीला उतरावेसे वाटते. आम्ही कणकुंबीला चहासाठी थांबतो, पण थांबण्याची जागा सीटने ठरवू नये. २०२२ च्या गाडीचा हॅलोजन दिवा धुक्यात बरा, परंतु कोरड्या रात्री लांबचे दिसत नाही. महामार्गावर ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत इंजिन सुखात असते. शंभरच्या पुढे ते ओढून ताणून जाते आणि तिथे डोमिनारची आठवण मला आजही येते. ॲव्हरेज गावात चौतीस आणि घाटाच्या रस्त्यावर छत्तीस-सदतीस मिळते. टाकी तेरा लिटरची आहे, म्हणून साखळीला जाऊन येण्यासाठी वाटेत पेट्रोल भरावे लागत नाही.

आज गाडी शोधणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट बदलली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागू झाला. पुन्हा तीच ३५० ची रेषा. नव्या हंटरची किंमत यामुळे उतरली, परंतु जुन्या गाड्यांचे अनेक विक्रेते अजून आधीच्या नव्या किमतीवरून भाव सांगतात. मी दिलेले एक लाख अठ्ठावीस हजार नोव्हेंबर २०२४ मध्ये रास्त होते. आज त्याच वयाच्या, तेवढ्याच चाललेल्या गाडीला मी ते देणार नाही. शोरूममधून आजची ऑन-रोड किंमत लिहून घ्यावी, ती विक्रेत्यासमोर ठेवावी आणि नव्या-जुन्यातला फरक पन्नास-साठ हजारांहून कमी उरत असेल तर थोडे थांबून, आणखी पैसे साठवून नवीच घ्यावी. सुधारलेली स्प्रिंग, हलका क्लच आणि वरच्या प्रकारांत एलईडी दिवा तिच्याबरोबर येतात.

माझ्या गाडीचा पुढचा टायर आता मधल्या खुणेपर्यंत झिजत आला आहे. मृगाच्या आधी तो बदलायचा आहे आणि त्याच वेळी स्टिअरिंगचे बेअरिंग मिस्त्रीमामांकडून उघडून ग्रीस करून घ्यायचे आहे. वहीत त्यासाठी पाच हजार बाजूला लिहून ठेवले आहेत.